परसातला कोंबडा अंगावर येतो, तेव्हा काय करावे?

परसात आठ-दहा गावठी कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये तुरा मिरवत फिरणारा एक रुबाबदार कोंबडा, हे गोमंतकातील खेड्यापाड्यांत आजही सहज दिसणारे दृश्य आहे. ज्यांच्याकडे चार माडांपुरती जागा उरली आहे, अशा अनेकांनी शहराची हद्द दाराशी येऊन ठेपली तरी खुराडे मोडलेले नाही. गावठी अंड्याला मिळणारा भाव, उरल्यासुरल्या अन्नाची होणारी सोय आणि पहाटेच्या आरवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, अशी त्यामागची कारणे आहेत. मात्र या घरगुती कुक्कुटपालनात एक अडचण वरचेवर उद्भवते. काल-परवापर्यंत पायांत घुटमळणारा कोंबडा एके दिवशी कणी टाकायला आलेल्या माणसावर झेप घेतो, पोटरीला चोच मारतो, पायामागच्या काट्याने ओरखडतो. घरातले हसतात, कोणी खराटा उगारतो, कोणी लाथ मारतो. कोंबडा क्षणभर मागे हटतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक त्वेषाने पुन्हा अंगावर येतो.

हे असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचे उत्तर कोंबड्याच्या स्वभावात आहे. तो दुष्ट नसतो, तसाच कृतघ्नही नसतो. आपल्या कळपाचे रक्षण करण्याचे त्याचे काम तो करत असतो. चूक होते ती एवढीच की, माणसालाही तो आपला प्रतिस्पर्धी समजू लागलेला असतो. म्हणूनच त्याच्याशी लढून हा प्रश्न सहसा सुटत नाही. लढण्याने त्याचा समज पक्का होतो. माणसाने या भांडणातून अंग काढून घेणे, परसाची व्यवस्था बदलणे आणि तरीही धोका टळत नसेल तर वेळेवर कठोर निर्णय घेणे, हाच मार्ग उरतो.

हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे

धडधाकट प्रौढ माणसाला कोंबड्याच्या चोचीने फारशी इजा होत नाही, हे खरे. पण परसातल्या कोंबड्यांची देखभाल बहुतेक घरांत वृद्ध स्त्रिया करतात आणि त्यांच्या मागे-पुढे लहान मुले बागडत असतात. उडी घेतलेल्या कोंबड्याचे पाय प्रौढाच्या गुडघ्या-मांडीपर्यंत पोहोचतात. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तीच उंची चेहऱ्याची आणि डोळ्यांची असते.

वृद्धांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात अंडी गोळा करणाऱ्या ७६ वर्षांच्या एका महिलेच्या पायाला कोंबड्याने चोच मारली. तिच्या पायातील नसा फुगलेल्या होत्या. चोचीने नेमकी नस फुटली आणि अतिरक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला. न्यायवैद्यकशास्त्राच्या नियतकालिकात २०१९ साली या घटनेची नोंद झाली. अशा घटना अत्यंत दुर्मीळ असल्या, तरी व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास असलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्ती आपल्याकडेही घरोघरी आहेत. कोंबड्याला चुकवताना तोल जाऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, हा धोका तर चोचीपेक्षाही मोठा. म्हणून ‘कोंबडाच तो, काय करणार?’ हा विचार सोडून द्यायला हवा.

रानातून आलेला स्वभाव

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीच्या जंगलांत आढळतो तो करडा रानकोंबडा त्याचाच भाऊबंद. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीला कारणीभूत असलेले जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आले असावे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. रानात राहणाऱ्या या पक्ष्यांत नर आपल्या माद्यांची आणि आपल्या हद्दीची राखण करतो. हजारो वर्षे माणसाच्या दारात राहूनही हा स्वभाव पुसला गेलेला नाही. कार्तिकेयाच्या ध्वजावर कोंबडा आहे. जुन्या गोमंतकीय घरांच्या कौलांवर मातीचा कोंबडा छाती काढून उभा दिसतो, तोही या पक्ष्याचा हाच रुबाब दाखवतो.

कोंबड्यांचा कळप वरवर विस्कळीत वाटला, तरी त्यात काटेकोर उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लिफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि कोण कोणाला चोच मारू शकते, याचा ठरलेला क्रम असतो, हे गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या प्रारंभी मांडले. माणसांच्या कार्यालयांतील चढउतारासाठी इंग्रजीत आज सर्रास वापरला जाणारा ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्दप्रयोग मुळात कोंबड्यांच्या या क्रमावरून आला. हा क्रम आरवण्यातही दिसतो. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत पहाटे सर्वांत आधी आरवतो तो सर्वांत वरच्या दर्जाचा नर; बाकीचे आपापल्या पायरीनुसार त्याच्यामागून आरवतात.

या उतरंडीत प्रश्न एकदाच सुटतो आणि मग शांतता नांदते. दोन नर समोरासमोर येतात, मानेची पिसे फुलवतात, झेपावतात. एक हरतो, बाजूला होतो आणि पुढे रोज लढाई होत नाही. माणूस मात्र या क्रमात नीट बसत नाही. तो कधी पळतो, कधी लाथ मारतो, कधी प्रेमाने कणी टाकतो. त्यामुळे कोंबड्याच्या दृष्टीने हा सामना कधी निकाली निघतच नाही.

कोणत्या वयात, कोणत्या कारणाने?

पिल्लू असताना कोंबडा शांत असतो. चार-पाच महिन्यांचा झाला की त्याच्या शरीरात नर-संप्रेरके वाढतात, तुरा लाल आणि मोठा होतो, आरवण्याला धार येते. पाच महिने ते एक वर्ष हा काळ सर्वांत नाजूक. दिवस मोठे होऊ लागले की प्रजननाचा जोर वाढतो आणि त्याबरोबर त्याची आक्रमकताही. काही कोंबडे वर्ष-दीड वर्षानंतर आपोआप निवळतात, पण सगळेच निवळतात असे नाही. शिवाय पायामागचा काटा पहिल्या वर्षात बोथट गाठीसारखा असतो. दुसऱ्या वर्षापासून तो लांब, वाकडा आणि टोकदार होत जातो. म्हणजे वय वाढते तशी इजा करण्याची क्षमताही वाढते.

पुढची गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटेल. माणसावर धावून येणाऱ्या कोंबड्यांत लाडाने वाढवलेल्या कोंबड्यांचे प्रमाण लक्षणीय असल्याचा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. एखादे एकटे पिल्लू घरात आणून, हातावर खेळवून वाढवले, तर त्याला माणसाची भीती उरत नाही आणि मोठ्या कोंबड्यांकडून मिळणारी शिस्तही लाभत नाही. वयात आल्यावर माणूस हाच त्याला आपल्या जातीचा, म्हणून आपला स्पर्धक वाटतो. याउलट कोंबडीच्या पंखाखाली, कळपात वाढलेला नर माणसापासून चार हात दूर राहायला शिकतो. पाळीव कोंबड्यात तेवढे अंतर असणे हिताचेच.

याखेरीज काही तात्कालिक कारणे असतात. त्याच्यादेखत कोंबडी पकडली आणि ती ओरडली, की तो धावून येणारच. खुडूक बसलेल्या कोंबडीखालची अंडी काढणे, अचानक छत्री उघडणे, घमेले आपटणे, एखाद्या विशिष्ट बुटाचा किंवा वस्त्राचा हालता काठ, अशी निमित्तेही पुरतात. पावसाळ्यात आठवडाभर झड लागली की कळप खुराड्यात कोंडला जातो आणि दाटीमुळे चिडचिड वाढते. नेहमी शांत असलेला कोंबडा एकाएकी चिडका झाला, तर पायाची जखम, पिसांतल्या उवा, गोचीड किंवा अन्य दुखणे नाही ना, हे आधी पाहावे.

हल्ल्यापूर्वीच्या खुणा

कोंबडा सहसा पूर्वसूचनेशिवाय हल्ला करत नाही. ती सूचना आपल्याला वाचता येत नाही, एवढेच. तो सरळ न येता तिरका येतो. एक पंख खाली सोडून जमिनीवर खरडतो आणि अर्धगोल फेरी मारतो. मानेची पिसे फुलतात. दाणा नसतानाही तो जमिनीवर टोचल्यासारखे करतो आणि एका डोळ्याने आपल्यावर नजर ठेवतो. आपण पाठ फिरवली की अंतर कमी करतो. हल्ला बहुतेकदा मागून होतो, तो यामुळेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही या खुणा दिसू लागल्या, तर प्रत्यक्ष झेपेची वाट न पाहता उपाय सुरू करावेत.

यातला पंख सोडून मारलेला फेरा तो कोंबड्यांसमोरही मारतो. तेव्हा तो प्रणयाराधनाचा भाग असतो. माणसाभोवती तसा फेरा मारणे हे प्रेमाचे लक्षण समजून त्याला गोंजारायला जाऊ नये.

झेप घेतली, त्या क्षणी

सर्वांत महत्त्वाचे, पळू नये. पळणारा माणूस म्हणजे हरलेला शत्रू. उद्या पुन्हा पळवता येईल, हा धडा कोंबडा एका खेपेत शिकतो. त्याचप्रमाणे लाथ मारू नये, काठीने झोडपू नये. लाथ त्याला आव्हान वाटते. शिवाय पक्ष्याची हाडे पोकळ आणि नाजूक असतात. रागाच्या एका फटक्यात बरगडी वा पाय मोडतो आणि वेदनेने तो अधिकच चिडका होतो. पळणे हे त्याला बक्षीस आणि मारणे हे आमंत्रण, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

मग करावे काय? त्याच्याकडे तोंड करून स्थिर उभे राहावे. सूप, डब्याचे मोठे झाकण किंवा रिकामी बादली आपल्या पायांपुढे ढालीसारखी धरावी. तो त्यावर आपटेल, पुन्हा येईल. आपण ढाल मारायची नाही, फक्त धरून ठेवायची. ज्याच्याशी लढून काही घडत नाही, अशा प्रतिस्पर्ध्यात त्याला फार काळ रस राहत नाही. त्याने नजर वळवली, जमिनीवर टोचू लागला किंवा दोन पावले मागे गेला, की आपण सावकाश आपले काम पुढे चालू करावे. निघताना पाठ दाखवून घाईने बाहेर पडू नये. तिरके, संथ पावलांनी जावे.

मूल जवळ असेल तर हे सगळे नियम बाजूला ठेवावेत. मुलाला आधी उचलून घ्यावे आणि ढाल पुढे धरून बाहेर पडावे. कोंबड्याला शिकवण्याचे काम नंतरही करता येते.

रोजचा सराव

या बाबतीत पाळणाऱ्यांत दोन मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, कोंबड्याला दाबून धरा, त्याची मान खाली करा, ‘मालक कोण’ हे त्याला दाखवून द्या. दुसरा पक्ष म्हणतो, त्याच्या नजरेत तुम्ही स्पर्धक उरणारच नाही असे वागा. पहिल्या उपायाने काही कोंबडे तात्पुरते नमतात. पण ते ज्या माणसापुढे नमतात, त्याच्यापुरतेच. घरातला बलदंड पुरुष त्याला दाबतो आणि त्याचा राग दुसऱ्या दिवशी अंडी काढायला गेलेल्या आजीवर निघतो. म्हणून घरातल्या सर्वांना जमेल असा दुसरा मार्गच अधिक व्यवहार्य ठरतो.

त्याची रीत साधी आहे. गमबूट आणि जाड, लांब पायघोळ घालूनच परसात जावे. आत शिरण्यापूर्वी मूठभर कणी दूरच्या कोपऱ्यात फेकावी, म्हणजे कळप तिकडे धावतो आणि आपली वाट मोकळी होते. त्याच वेळात अंडी गोळा करावीत, पाणी बदलावे. कोंबड्याकडे रोखून पाहू नये, त्याच्या अंगावरून चालत जाऊ नये, त्याला हाताने भरवू नये. कोंबडी पकडायची असेल, तर ती रात्री पकडावी. कोंबड्यांना अंधारात फारसे दिसत नाही. दांडीवर बसलेली कोंबडी गडबड न करता उचलता येते आणि नरालाही त्याचा पत्ता लागत नाही. औषध लावणे, काटा घासणे ही कामेही रात्रीच उरकावीत.

प्रौढ आणि सराईत व्यक्तीला आणखी एक उपाय करता येईल. रात्री दांडीवरून कोंबड्याला उचलावे, पंख अंगाशी दाबून काखेत धरावे, पाय एका हाताने आवरावेत आणि दहा मिनिटे शांतपणे फिरावे. तो धडपडायचा थांबला, अंग सैल सोडले, की पुन्हा जागेवर ठेवावे. यात त्याला ‘हरवणे’ हा हेतू नाही. माणसाचा स्पर्श झाला तरी लढाई होत नाही, ही सवय लागणे महत्त्वाचे. त्याला उलटे टांगून मिरवणे मात्र क्रूरपणाचे आहे.

हा सराव तीन-चार आठवडे सातत्याने करावा लागतो आणि घरातल्या प्रत्येकाने तसेच वागावे लागते. एकाने संयम राखायचा आणि दुसऱ्याने दगड भिरकवायचा, असे झाले तर सगळे मुसळ केरात.

परसाची व्यवस्था

अनेकदा दोष कोंबड्याचा नसतो, संख्येचा असतो. एका नरामागे आठ ते दहा माद्या हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. तीन-चार कोंबड्यांमागे दोन नर असतील, तर माद्यांच्या पाठीवरची पिसे उडतात, तुरे रक्तबंबाळ होतात आणि नरांची आपसातली ठिणगी माणसावरही पडते. अशा वेळी एक नर कमी करणे, हा पहिला उपाय.

रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक पक्ष्याला किमान दोन-तीन चौरस फूट जागा मिळावी. दिवसा मोकळे सोडणे शक्य असेल, तर उत्तम. दाण्यापाण्याची भांडी एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. मध्ये झापांचा आडोसा, जुनी लाकडे, केळीचा गड्डा असे काही असले, की कमजोर पक्ष्याला दृष्टिआड होता येते. धूळ अंगावर घेण्यासाठी कोरड्या मातीचा कोपरा राखावा. पावसाळ्यात तो छपराखाली असावा. खुराड्याचे दार आणि अंड्यांची जागा अशी असावी की, बाहेरूनच हात घालून अंडी काढता येतील. या एका बदलाने आजीला कोंबड्याच्या हद्दीत पाऊलच टाकावे लागत नाही.

पायामागच्या काट्याचे टोक कानशीने घासून बोथट करता येते. मात्र काट्याच्या आत हाड आणि रक्तवाहिनी असते. तो मुळाशी कापला, तर मोठा रक्तस्राव होतो. टोकाचा अगदी थोडा भाग घासावा, आणि सवय नसेल तर पशुवैद्यकाकडून हे काम करून घ्यावे. दुसरी गोष्ट म्हणजे कुंपण. मुले खेळतात ते अंगण आणि कोंबडा फिरतो ते परस यांच्यामध्ये जाळी असणे, हा सर्व उपायांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

जात आणि झुंज

जातीनुसार स्वभावात फरक पडतो, पण तो नेहमी अपेक्षेप्रमाणे नसतो. असील ही भारतीय जात झुंजीसाठी प्रसिद्ध. असील नर दुसऱ्या नराला पाहताच पेटून उठतो. माणसाशी मात्र त्यातले कित्येक शांत वागतात. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलपासून विकसित केलेल्या वाणाचे नावच ‘कारी निर्भीक’ आहे. परसात मोकळे फिरताना शत्रूला तोंड देता यावे, हा गुण त्यात महत्त्वाचा मानला गेला. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचे ‘वनराज’ आणि ‘ग्रामप्रिया’ हे वाण परसातील पालनासाठीच तयार झाले. इंदूरकडील वाचकांना परिचित असलेल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु कोणत्याही जातीत शांत आणि तापट असे दोन्ही कोंबडे निघतात. भांडखोरपणा काही अंशी आनुवंशिक असल्याने जातीच्या नावापेक्षा पिल्लाच्या बापाचा स्वभाव विचारणे अधिक उपयोगाचे.

काही जणांना तापट कोंबड्याचे कौतुक वाटते आणि त्यातून झुंजीचा मोह होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार प्राण्यांना झुंजीसाठी चिथावणे आणि झुंजींसाठी जागा चालवणे हा गुन्हा आहे. झुंजीत पायाला सुरी बांधलेला कोंबडा माणसासाठीही प्राणघातक ठरू शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेलंगणातील जगत्याल जिल्ह्यात अशाच सुरी बांधलेल्या कोंबड्यामुळे झालेल्या जखमेने एका माणसाचा मृत्यू झाला. परसातल्या रागीट कोंबड्याला गंमत म्हणून दुसऱ्याच्या कोंबड्यावर सोडणे, ही त्याच वाटेवरची पहिली पायरी होय.

जखम झाली तर

चोचीची किंवा काट्याची जखम वरून लहान दिसते, पण खोल असू शकते. वाहत्या पाण्याखाली साबणाने ती नीट धुवावी, जंतुनाशक लावावे आणि धनुर्वाताची लस अलीकडे घेतलेली नसेल, तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. परसातल्या मातीचा आणि विष्ठेचा संपर्क असल्याने हळद भरून जखम बांधून ठेवणे पुरेसे नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांकडून होणारा आजार आहे. कोंबड्याच्या चोचीने तो होत नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नये.

फुगलेली नस फुटून रक्त वाहू लागले, तर माणसाला ताबडतोब आडवे झोपवावे, पाय उंच करावा आणि स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब धरून ठेवावा. उभे राहून किंवा खुर्चीत बसून रक्त थांबण्याची वाट पाहू नये. दाब न सोडता रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्याजवळची किंवा सांध्यावरची जखम आणि मधुमेही व्यक्तीची कोणतीही जखम त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

निर्णय घेण्याची वेळ

सगळे उपाय करूनही महिनाभरात फरक पडला नाही, तर स्वतःची समजूत घालत बसू नये. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. टोपलीखाली डालून ठेवलेला तापट कोंबडाही टोपली उचलली की तसाच असतो. आणि कोंबडा चेहऱ्याच्या उंचीवर झेपावत असेल, त्याने एकदा रक्त काढले असेल आणि घरात मूल किंवा वृद्ध असेल, तर महिनाभराची परीक्षादेखील नको. त्याला त्याच दिवशी वेगळे करावे.

वेगळे केल्यानंतर तीन पर्याय उरतात. जाळीच्या स्वतंत्र खुराड्यात त्याला कायमचे ठेवता येते, पण त्यासाठी जागा आणि दुप्पट देखभाल लागते. मोठ्या बागायतीत, जिथे माणसांची वर्दळ कमी आणि माद्या अधिक, तिथे तो चांगला राखणदार ठरू शकतो. मात्र देताना त्याचा स्वभाव स्पष्ट सांगावा; गप्प राहून शेजारच्या गावातल्या मुलांच्या डोळ्यांवर संकट ढकलणे योग्य नव्हे. तिसरा पर्याय स्वयंपाकघराचा. मांसाहारी घरात त्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. गोवा आणि सिंधुदुर्गात राखणदाराला द्यायचा म्हणून बोललेला कोंबडा घरात वर्ष-दीड वर्ष वाढवला जातो. तो कितीही तापट झाला तरी कोणी त्याला हात लावत नाही. अशा कोंबड्याला तरी किमान स्वतंत्र जाळीत ठेवावे. नवस आणि नातवंडांची सुरक्षितता यांत काही विरोध नाही.

कोंबडा गेला म्हणजे अंडी बंद होतील, ही समजूत चुकीची आहे. कोंबडी नराशिवायही तितकीच अंडी घालते. फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. शिवाय नर काढल्यानंतरही साधारण दोन आठवडे कोंबड्या फलित अंडी देऊ शकतात. त्या काळात खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली, तर २१ दिवसांनी पिल्ले मिळतात. पण त्यांचा बाप तोच तापट कोंबडा असणार, हे ध्यानात घ्यावे. शक्य असल्यास अंडी दुसऱ्या कळपातून आणावीत.

पुढचा कोंबडा निवडताना

पहिल्या कोंबड्याने शिकवलेले दुसऱ्याच्या निवडीत उपयोगी पडते. एकच नर न वाढवता दोन-तीन नर कळपात, मोठ्या कोंबड्यांच्या सहवासात वाढू द्यावेत. सहा ते आठ महिन्यांपर्यंत त्यांचे निरीक्षण करावे आणि सर्वांत समंजस तो ठेवावा. सर्वांत मोठा, सर्वांत देखणा, तोच चांगला असे नसते.

चांगल्या कोंबड्याची लक्षणे ओळखणे कठीण नाही. दाणा सापडला की तो स्वतः न खाता विशिष्ट आवाजात माद्यांना बोलावतो. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की एक हाक देतो, जमिनीवरून मुंगूस आले की दुसरी. हवेतल्या आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी कोंबड्याच्या हाका वेगवेगळ्या असतात, हे संशोधकांनी प्रयोगांनी सिद्ध केले आहे. माद्यांच्या भांडणात तो मध्ये पडतो. आणि माणूस परसात आला की तो घाबरून पळत नाही, अंगावरही येत नाही; आपल्या कोंबड्यांना घेऊन चार पावले बाजूला सरकतो आणि आपले काम होईपर्यंत नजर ठेवून उभा राहतो. असा कोंबडा मिळाला, तर त्याच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले शेजाऱ्यांनाही द्यावीत. वाड्यावरच्या चार घरांत शांत कोंबड्यांची वीण वाढली, की पहाटेचे आरवणे राहील आणि अंडी काढायला जाणाऱ्या आजीला हातात सूप धरून जावे लागणार नाही.